आलं का काही नवं?

भुईगावातून मुंबईला निघणाऱ्या माणसाला दोन प्रश्न रोज पडतात. नाक्यावर बस कधी येणार, हा पहिला. आणि वसई रोडला गाडी वेळेवर मिळणार का, हा दुसरा. केळी, पानवेली, भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या या किनारपट्टीचं मुंबईशी नातं जुनं आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली, तेव्हा दिवसाकाठी जाणारी एक आणि येणारी एक एवढाच सगळा पसारा होता. ती चुकली की दिवस बुडाला. त्यामुळे ‘गाडी आता नेमकी कुठे आहे?’ असं कुणाला विचारण्यात अर्थ नव्हता आणि सांगायलाही कुणी नव्हतं. आज गाड्या दर काही मिनिटांनी आहेत आणि गंमत अशी, की विचारणं मात्र शतपटीने वाढलं आहे. दादरच्या फूलबाजारात पहाटे टोपली पोहोचवायची असो, नाहीतर चर्चगेटच्या कचेरीत साडेनऊचं हजेरीपत्रक गाठायचं असो, हातातला फोन एकसारखा विचारत असतो : गाडी कुठे आहे? आता कुठे आहे? आणि आता?

हा प्रश्न आपण विचारतो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण एकदाच विचारतो. पुढचं सगळं विचारणं फोन आपल्या नावाने परस्पर करत असतो. तो कुणाला विचारतो, किती वेळा विचारतो, की समोरचाच बातमी आली की आपणहून कळवतो, हे ते अ‍ॅप किंवा संकेतस्थळ बनवणाऱ्याने आधी ठरवलेलं असतं. विषय संगणकवाल्यांचा वाटेल, पण त्याचं बिल आपल्या घरी येतं. फोनची बॅटरी दुपारीच का मान टाकते, निकालाच्या दिवशी संकेतस्थळ का बसतं, आणि कधी कधी, पुढे निघावं की घरीच थांबावं हा निर्णय चुकतो का बरोबर येतो, हे सारं या एका निवडीवर अवलंबून असतं.

मुळात वेब ही व्यवस्था कमालीची अबोल. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ ते १९९१ या काळात ती रचली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. कागद काही दर मिनिटाला बदलत नाही. म्हणून नियम साधा ठेवला : विचारलं तर सांगायचं, आणि सांगून झालं की विसरून जायचं. दूर कुठेतरी असलेला सर्व्हर नावाचा संगणक हा जणू खिडकीवरचा कारकून. विचाराल तेवढ्याचंच उत्तर देईल, तुमची पाठ वळली की तुमची ओळखही विसरेल. तुम्ही गेल्यानंतर दोन मिनिटांनी तुमचं काम झालं, तरी मागून हाक मारणार नाही.

अशा माणसाकडून ताजी बातमी मिळवायची तर उपाय एकच, पुन्हा पुन्हा जाऊन विचारायचं. परगावी गेलेल्या मुलाच्या पत्रासाठी रोज पोस्टात चक्कर मारणारी माणसं जुन्या वाचकांना आठवत असतील. ‘आलं का काही?’ ‘नाही.’ ‘आज तरी?’ ‘नाही हो.’ संगणकाच्या भाषेत याला ‘पोलिंग’ म्हणतात. सुरुवातीला तर ‘आलं का?’ एवढं विचारायलाही सबंध पान नव्याने मागवावं लागे. मायक्रोसॉफ्टच्या टपाल-कार्यक्रमाची वेबवरची आवृत्ती तयार करताना १९९९ च्या सुमारास पानाच्या पाठीमागून, पान न हलवता, हळूच विचारण्याची सोय इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आली. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं आणि मग जो तो पाठीमागून विचारत सुटला.

यात वाईट काय? थोडं त्रैराशिक मांडून पाहू. समजा, दहा हजार प्रवाशांच्या फोनवर गाडीचं पान उघडं आहे आणि प्रत्येक फोन दर पाच सेकंदांनी विचारतो. म्हणजे सर्व्हरला सेकंदाला दोन हजार प्रश्न. आता गाडी नालासोपाऱ्याच्या सिग्नलला दहा मिनिटं अडकली. त्या दहा मिनिटांत बारा लाख वेळा प्रश्न आला आणि बारा लाख वेळा एकच उत्तर गेलं : ‘अजून तिथेच आहे.’ सर्व्हरचा खर्च झाला तो झाला, फोनचंही तसंच. फोनचा रेडिओ एकदा जागा झाला की काम संपल्यावरही काही सेकंद जागाच राहतो. दर पाच सेकंदांनी उठवलेल्या माणसाला झोप कसली मिळणार?

तरीही पोलिंगला नावं ठेवणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. किती वेळाने विचारायचं याचं भान ठेवलं, तर ही सर्वांत साधी, सर्वांत कमी बिघडणारी पद्धत आहे. बाजारसमितीतले भाव दिवसाला एकदा जाहीर होत असतील, तर ते दर दहा सेकंदांनी विचारणारा फोन चतुर नव्हे, उतावळा. पान उघडल्यावर एकदा विचारलं की पुरे. विहिरीला पाणीच तासाने सुटणार असेल तर दर मिनिटाला घागर आपटून काय होणार?

दहावीच्या निकालाचं पाहा. पूर्वी निकाल शाळेत लागे आणि फळ्यापुढे झुंबड उडे. हल्ली मंडळाचा निकाल बहुधा दुपारी एक वाजता संकेतस्थळांवर येतो, आणि एकला पाच कमी असल्यापासून राज्यभरातली घरं एकच कळ दाबत बसतात. इथे अडचण ताजेपणाची नाहीच, कारण एकदा लागलेला निकाल पुढच्या क्षणी बदलत नाही. अडचण गर्दीची आहे. तिच्यावर इलाज म्हणजे त्याच निकालाच्या प्रती अनेक संकेतस्थळांवर आणि अनेक सर्व्हरांवर आधीच नेऊन ठेवायच्या. फळे वाढवायचे म्हणा ना. रोगाचं निदान चुकलं तर महागातलं औषधही वाया जातं, ते इथेही खरं आहे.

याहून कडू आठवण २०२१ ची. अठरा वर्षांवरच्या सर्वांसाठी कोविडच्या लशीची नोंदणी २८ एप्रिलला सुरू झाली, आणि देश कोविन या संकेतस्थळापुढे रांगेत उभा राहिला. लशी थोड्या, माणसं फार. जागा रिकाम्या दिसत आणि हात पोहोचेपर्यंत भरून जात. सर्व्हर आपणहून हाक मारणार नव्हता. सरकारने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना माहिती थेट घेण्याचा मार्ग खुला केला होता. मग हुशार मंडळींनी दर काही सेकंदांनी तीच विचारणा करणारे प्रोग्रॅम लिहिले. चेन्नईच्या बर्टी थॉमस यांच्यासारख्यांनी ही माहिती टेलिग्रामवरून हजारो लोकांना फुकट पोहोचवली, हे त्यांचं श्रेय. पण भार वाढल्यावर एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच प्रश्न अशी मर्यादा आली, आणि त्या मार्गाने मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी असू शकते असंही जाहीर झालं. ज्याच्या घरात प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा किंवा टेलिग्राम जाणणारी नात, त्याला जागा मिळण्याची शक्यता अधिक. ज्याच्याकडे साधा फोन, तो खिडकीपाशीच उभा. माहिती विचारणाऱ्याने शोधायची की जवळ असणाऱ्याने कळवायची, हा नुसता तांत्रिक मुद्दा नसतो तो असा.

आता विचारण्याचा त्रास कमी करायच्या युक्त्या. पहिली युक्ती अगदी गावठी आहे. पोस्टमास्तर ‘नाही’ म्हणून परत पाठवण्याऐवजी म्हणतात, ‘बसा बाकावर, थैली आली की देतो.’ पत्र मिळालं की तुम्ही बाहेर पडायचं आणि लगेच पुन्हा येऊन बाकावर बसायचं. याला ‘लाँग पोलिंग’ म्हणतात. २००६ मध्ये अ‍ॅलेक्स रसेल यांनी या जातीच्या युक्त्यांना ‘कॉमेट’ म्हटलं. एजॅक्स आणि कॉमेट ही दोन्ही अमेरिकेत घासण्या-पुसण्याच्या पावडरींची नावं. आपल्याकडे बारसं झालं असतं तर ‘विम’ आणि ‘निरमा’ म्हणालो असतो! असो. ही युक्ती चालते छान, पण बाकांची संख्या मर्यादित असते आणि प्रत्येक पत्रासाठी उठाबस करावी लागतेच.

दुसरी पद्धत म्हणजे आकाशवाणी. रेडिओ एकदा लावला की समालोचक बोलत राहतो, आपण ऐकत राहायचं. मध्येच त्याला प्रश्न विचारायची सोय नाही आणि बहुतेक वेळा गरजही नसते. ब्राउझर एकदाच विचारतो, सर्व्हर उत्तर संपवतच नाही, बातमी येईल तशी एकेक ओळ सोडत राहतो. ‘सर्व्हर-सेंट इव्हेंट्स’ असं या पद्धतीचं लांबलचक नाव आहे. ऑपेरा या ब्राउझरने ती २००६ मध्येच प्रथम करून दाखवली, पण बरीच वर्षं तिच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारला की उत्तर शब्दाशब्दाने उमटताना दिसतं ना? त्यामागे बहुधा हीच जुनी पद्धत असते. तिचा एक गुण मला फार आवडतो. धागा तुटला तर ब्राउझर आपणहून पुन्हा जोडतो आणि सांगतो, ‘४१ क्रमांकापर्यंतची ओळ मिळाली होती, पुढची द्या.’ अर्थात सर्व्हरने ओळींना क्रमांक दिले असतील तर.

तिसरी पद्धत टेलिफोनची. डिसेंबर २०११ मध्ये प्रमाणित झालेलं ‘वेबसॉकेट’. ब्राउझर साध्या प्रश्नानेच सुरुवात करतो, पण लगेच म्हणतो, ‘आपण ही लाइन चालूच ठेवू या का?’ सर्व्हर हो म्हणाला की दोन्ही बाजूंनी, कुणीही, केव्हाही बोलावं. गप्पांचे कार्यक्रम, शेअरबाजाराचे क्षणाक्षणाला हलणारे भाव, दोघांनी मिळून एकाच कागदावर लिहायचं काम, मुलांचे खेळ, यांना ही पद्धत सोयीची पडते. मात्र फोन उचलून ठेवला की एक्स्चेंजला ती लाइन सांभाळत बसावी लागते, मग तुम्ही बोला अथवा न बोला. शिवाय तुटलेली लाइन स्वतः जोडून घेण्याची आणि मधल्या काळात हुकलेलं पुन्हा मागण्याची सगळी जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर. नवशिके प्रोग्रॅमर नेमके इथेच भुलतात. दारावर दूधवाल्याने हाक मारली तरी भागतं, तिथे हॉटलाइन बसवून ठेवतात.

आणि लाइन तुटल्याचं कळतंच असंही नाही. नायगाव सोडून गाडी वसईच्या खाडीपुलावर आली, फोनने एक टॉवर सोडून दुसरा धरला, मध्येच संपर्क गेला. फोनला वाटतं आपण जोडलेले आहोत, सर्व्हरलाही तसंच वाटतं, आणि प्रत्यक्षात दोघंही मुक्या रिसीव्हरला कान लावून बसलेले! म्हणून शहाणे कार्यक्रम ठरावीक वेळाने ‘हॅलो, आहात ना?’ एवढंच विचारतात आणि पलीकडून ‘हो’ आलं नाही की लाइन मेली असं समजून नवी जोडतात. तीही सगळ्यांनी एकदम जोडायची नसते. दहा हजार फोन एकाच क्षणी परत धावले तर सर्व्हर पुन्हा आडवा होतो. म्हणून प्रत्येक फोन थोडा वेगवेगळा वेळ थांबतो. विरार गाडीत चढताना आपल्याला हे जमलेलं नाही, ते यंत्रांना जमतं.

या सगळ्या पद्धतींत पान उघडं आहे, माणूस जागा आहे, असं गृहीत धरलेलं असतं. फोन खिशात झोपलेला असताना येते ती चौथी जात, तारेची. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिचा आत्मा फोनमधल्या सूचनांत शिरला आहे. फोन बनवणाऱ्यांच्या सर्व्हरशी एकच बारीक धागा कायम जोडलेला असतो आणि सगळ्या अ‍ॅपचे निरोप त्याच एका पोस्टमनकडून येतात, म्हणून बॅटरी टिकते. साध्या संकेतस्थळांनाही तशी तार पाठवता यावी म्हणून २०१६ मध्ये मानक ठरलं. आयफोनवर ती सोय २०२३ मध्ये आली. तार म्हटली की पूर्वी घरात सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकत असे. आता साबणावर दहा टक्के सूट आहे हे कळवायलाही तारच येते, आणि मग लोक सूचनाच बंद करून टाकतात, त्यात कामाचीही बंद होते.

हीच गोष्ट उत्तम साधलेली पाहायची तर भाजीच्या बाजारात जावं. टोपलीशेजारी ठेवलेला तो छोटा डबा ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ असं मोठ्याने बोलतो. २०१९ नंतर हे डबे दुकानोदुकानी पसरले. भाजीवालीने फोन काढायचा नाही, ओल्या हाताने पडदा पुसायचा नाही, ‘आले का पैसे?’ असं कुणाला विचारायचं नाही. गिऱ्हाइकाने पैसे भरल्याचं खोटं चित्र दाखवून फसवायचे प्रकार होतात, त्यांनाही यामुळे चाप बसतो, कारण बोलतो तो डबा, गिऱ्हाईक नव्हे. अशा उपकरणांत सर्रास वापरली जाणारी एमक्यूटीटी नावाची निरोप-पद्धत १९९९ मध्ये अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तयार केली, ती ओसाड मुलखातल्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी. उपग्रहाचा एकेक शब्द महाग, म्हणून निरोप अगदी आखूड. तेलवाहिनीची ती काटकसर आता मेथीच्या जुडीच्या कामी येते आहे.

लोकलकडे परत येऊ, कारण तिथे एका पद्धतीने भागत नाही. २०१० मध्ये सचिन टेके यांनी केलेल्या ‘एम-इंडिकेटर’ने एक शहाणपण केलं : वेळापत्रक फोनमध्येच ठेवलं. वेळापत्रक रोज बदलत नाही, मग ते सर्व्हरला का विचारायचं? ‘व्हेअर इज माय ट्रेन’ने दुसरी शक्कल लढवली. तुम्ही गाडीत बसलेले असाल तर फोन आसपासच्या मोबाइल टॉवरांवरून गाडीची जागा स्वतःच ओळखतो, इंटरनेट नसलं तरी चालतं. बंगळुरूची ही छोटी कंपनी २०१८ मध्ये गुगलने विकत घेतली. फलाटावर उभ्या असलेल्याला मात्र गाडीलाच विचारावं लागतं. २०२२ मध्ये मध्य रेल्वेने ‘यात्री’ अ‍ॅपवर लोकल गाड्यांचा प्रत्यक्ष ठावठिकाणा दाखवायला सुरुवात केली, पुढे पश्चिम रेल्वेच्या गाड्याही त्यात आल्या. ताशी साठ किलोमीटरने निघालेली लोकल अर्ध्या मिनिटात अर्धा किलोमीटर जाते. फलाटावरच्या माणसाला याहून बारीक हिशेब नको असतो. तेव्हा अशा ठिकाणी अर्ध्या मिनिटाने एकदा साधं पोलिंग किंवा फार तर आकाशवाणी पुरेशी आहे, टेलिफोनची चैन नको, असं माझं मत आहे.

त्याहून महत्त्वाचं काही असेल तर ते पानाच्या कोपऱ्यातली छोटी राखाडी ओळ : ‘ही माहिती ८ वाजून ४२ मिनिटांची.’ अनेक पानांवर ती नसतेच. संपर्क तुटला तरी गाडीचं चिन्ह नकाशावर डौलात उभं राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं गाडी तिथे आहे. माहिती नाही हे कळलं तर माणूस चौकशी करतो, शेजाऱ्याला विचारतो, घरी फोन लावतो. शिळी माहिती ताज्या कपड्यांत आली की तो निश्चिंत होऊन निघतो. एरवी याची किंमत चुकलेली गाडी एवढीच. पण जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वसई ते विरार गाड्या थांबल्या, वीज उपकेंद्रात पाणी शिरल्याने वसईच्या पट्ट्यात अंधार झाला. अशा दिवशी ‘पुढे पाणी नाही’ हे दोन तासांपूर्वीचं वाक्य आत्ताचं म्हणून वाचणं महागात पडू शकतं. आणि नेमक्या त्याच दिवशी सगळेच फोन एकदम विचारू लागतात, म्हणून उत्तरं येईनाशी होतात.

वसईच्या चर्चची घंटा वाजते तेव्हा ती कुणाच्या विचारण्याची वाट पाहत नाही आणि ऐकणाऱ्यांची यादीही ठेवत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशभर ज्या आपत्ती-संदेशांच्या चाचण्या घेतल्या, त्या याच घंटेच्या तत्त्वावर. ‘सेल ब्रॉडकास्ट’ म्हणतात त्याला. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकाच वेळी संदेश देतो. कुणाचा नंबर ठाऊक असायची गरज नाही, आणि दहा फोन असोत की दहा हजार, भार तोच. चाचणीच्या वेळी एकाएकी कर्कश आवाज सुरू झाल्यावर घराघरांत माणसं दचकली आणि फोनला झालं तरी काय, म्हणून एकमेकांना विचारू लागली. या संदेशाला अ‍ॅप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, फोनमधला बॅलन्सही लागत नाही. टॉवरला वीज मात्र लागते.